माजी सैनिकांच्या शेतकरी कुटुंबांसाठी शासकीय सवलती : नोंद आधी, लाभ नंतर

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील रेल्वे जंक्शन. विजयपूरकडून येणारा लोहमार्ग येथे मुंबई-चेन्नई मार्गाला मिळतो. पत्र्याची ट्रंक घेऊन या परिसरातील तरुण येथूनच पलटणीत जातात आणि निवृत्तीनंतर परत येऊन वडिलोपार्जित कोरडवाहू शेती सांभाळतात.

येथील रब्बी ज्वारीच्या मेळाव्यात खतांच्या मात्रेवर बोलून झाल्यावर एक भगिनी उठून म्हणाल्या, "सर, ज्वारीचं समजलं. आता माझ्या कागदाचं सांगा." त्यांचे पती माजी सैनिक होते व नुकतेच वारले होते. सेवापुस्तकात पतीचे नाव शेवटी 'अप्पा' जोडून, तर सातबाऱ्यावर 'अप्पा'शिवाय होते. पत्नीचे नाव सेवापुस्तकात माहेरचे, आधारवर सासरचे होते. कन्नड व मराठी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या या भागात असा फरक नवा नाही. पुढे दुरुस्ती झाली, परंतु तोवर मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत टळली होती. सवलती नव्हत्या असे नाही; नावे जुळत नव्हती. म्हणून हा विषय शेतकरी बंधू-भगिनींनी वेळीच समजून घेणे अगत्याचे आहे.

माजी सैनिक कोणास म्हणावे?

भूदल, नौदल किंवा वायुदलात सेवा करून निवृत्तीवेतनासह बाहेर पडलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे माजी सैनिक ठरते. सेवेमुळे अपंगत्व येऊन वैद्यकीय कारणाने घरी आलेल्यांचाही यात समावेश होतो. गैरवर्तनामुळे काढून टाकलेल्यांना हा दर्जा मिळत नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल इत्यादी दले या व्याख्येत येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : जिल्हा कार्यालयात नोंदणी

राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुणे येथे असून सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. घरी परतल्यावर सेवापुस्तक व निवृत्तीवेतन आदेश दाखवून येथे नाव नोंदवावे व ओळखपत्र घ्यावे. सैनिकाच्या निधनानंतर पत्नीने आपल्या नावाचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे. पुढील बहुतेक अर्ज याच कार्यालयामार्फत जातात किंवा येथील दाखल्यावर अवलंबून असतात. निवृत्तीवेतन व कुटुंब निवृत्तीवेतन मात्र केंद्र शासनाकडून मिळते. त्यातील अडचणींतही हे कार्यालय मार्गदर्शन करते.

प्रमुख सवलती

१) नोकरी : राज्य शासनाच्या गट क व गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे.

२) घरपट्टी : माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका मिळकतीपुरती करमाफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. ही माफी आपोआप लागत नाही. अर्ज व दाखला स्थानिक संस्थेकडे द्यावा लागतो.

३) शिक्षण : शिकणाऱ्या पाल्यांसाठी सैनिकी वसतिगृहे आहेत. व्यावसायिक पदवीसाठी केंद्राची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. त्यात २०१९ पासून मुलींना दरमहा ३,००० रुपये व मुलांना २,५०० रुपये असा दर ठरला. अर्जाची छाननी जिल्हा कार्यालयात होते. बारावीचा निकाल लागताच चौकशी करावी.

४) निधीतून मदत : दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या निमित्ताने जमणाऱ्या निधीतून शिष्यवृत्ती, मुलीचे लग्न, आजारपण अशा कारणांसाठी गरजूंना साहाय्य दिले जाते.

५) शौर्यपदके : पदकधारकांना राज्य शासन वेगळे अनुदान देते.

रकमा व अटी शासन निर्णयाने बदलतात. म्हणून अर्जापूर्वी चालू दर कार्यालयातून लिहून घ्यावेत.

शेतजमिनीविषयी

सैनिक सीमेवर असताना शेत बहुधा भाऊबंदांकडे किंवा वाट्याने असते. असा व्यवहार तोंडी न ठेवता लेखी व मुदतीचा करावा. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यात, सैन्यात असलेल्या किंवा राहिलेल्या जमीनमालकांसाठी जमीन परत मिळण्याबाबत प्रकरण तीन-अअ ही स्वतंत्र तरतूद आहे. तिच्या अटी असल्याने वाद असल्यास जाणकार वकिलास कागद दाखवावेत.

शासनाकडून मिळालेली जमीन सहसा भोगवटादार वर्ग २ ची असते. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकू नये. विकल्यास शर्तभंग होऊन जमीन सरकारजमा होण्याचा धोका असतो.

खातेदार वारल्यास वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवून फेरफार करून घ्यावा.

सन्मान निधीबाबत सावधगिरी

दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तीवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणीचा अपवाद वगळता, पंतप्रधान किसान सन्मान निधीस अपात्र आहेत. त्यामुळे बहुतेक माजी सैनिक यात बसत नाहीत. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधीही याच यादीवर चालतो. चुकून हप्ता घेतल्यास तो वसूल होतो. हा निकष पीक विम्याला लागू नाही. विमा अवश्य उतरवावा.

कागद असे तपासावेत

एका संध्याकाळी घरातील सर्वांनी बसून सेवापुस्तक, निवृत्तीवेतन आदेश, आधार, बँक पासबुक, सातबारा व मुलांचे शाळेचे दाखले शेजारी मांडावेत. नाव, आडनाव, जन्मतारीख व पत्नीचे नाव अक्षरशः ताडून पाहावे. लग्न व मुलांचे जन्म सेवा अभिलेखात नोंदले आहेत का, हे पाहावे. चूक असल्यास संबंधित अभिलेख कार्यालयाकडे जिल्हा कार्यालयामार्फत अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तर तोफखान्याचे नाशिकरोडला असतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि छायांकित प्रतींचा एक संच पत्नीच्या ताब्यात ठेवावा.

ही दुरुस्ती स्वतः सैनिक हयात असताना त्याच्या सहीने सोपी जाते. त्याच्या पश्चात तीच गोष्ट सिद्ध करण्यासाठी विधवेला प्रतिज्ञापत्रे व साक्षीदार गोळा करत फिरावे लागते. ज्वारीची वाफ निघून गेल्यावर पेरणी साधत नाही, तसेच कागदांचेही आहे. म्हणून यंदा सुगी आटोपताच, मळणीचे पैसे हाती येण्यापूर्वी, हे एक काम उरकून घ्यावे. गावातील शिकलेल्या तरुणांनीही आपल्या आळीतील एका तरी सैनिक कुटुंबाचे कागद तपासून द्यावेत.