जायंट्स कॉजवेवरचा सूर्यास्त

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा 'हाउसेस ऑफ द होली' हा अल्बम १९७३ साली आला. त्याच्या कव्हरवर लहान मुलं दगडी खांबांच्या उतरंडीवरून वर चढताना दिसतात आणि मागे केशरी आकाश पेटलेलं असतं. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेचं हे रूप जगभर पोचलं, पण तो केशरी रंग आकाशात नव्हताच. छायाचित्रकार ऑब्री पॉवेल तिथे पहाटेचा आणि मावळतीचा उजेड टिपायला गेले होते. पाऊस आणि ढगांनी त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी त्यांनी कृष्णधवल फोटो घेतले, दोनच मुलांच्या निरनिराळ्या फोटोंची जोडाजोड झाली आणि रंग नंतर हाताने भरले गेले.

कॉजवेच्या या अँट्रिम किनाऱ्यावर तिवई घेऊन जाणाऱ्याने हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं. ढग तिथे नेहमीचेच. आणि आकाश मोकळं मिळालं तरी खरी परीक्षा रंगाची नसते, काळ्या दगडाची असते.

हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्याचा बनला तोच. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला त्या काळात, इथे लाव्हाचे थर पसरले. एका दरीत साठलेला जाड लाव्हा सावकाश निवला. निवताना तो आकसला, आकसताना तडकला. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून भेगाळतो तशाच या भेगा, फक्त त्या वरच्यावर न थांबता दगड निवेल तशा आत आत उतरत गेल्या आणि सुमारे ४०,००० खांब सुटे झाले. बहुतेक खांब सहा बाजूंचे, पण पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ, क्वचित चार किंवा आठचे. भेगा नेमक्या किती तापमानाला पडल्या असतील? लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलँडच्या बेसाल्टचे तुकडे तापवले, दोन्ही टोकांना घट्ट धरून तडकेपर्यंत निवू दिले आणि २०१८ मध्ये उत्तर दिलं : साधारण ८४० ते ८९० अंश सेल्सिअस. म्हणजे दगड घट्ट झालेला, पण अजून भट्टीइतका तापलेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांबही लाव्हा असाच तडकून घडले आहेत.

हे खांब अग्नीतून आले, हे पटायला मात्र वेळ लागला, आणि त्यात चित्रांचा मोठा हात होता. सुझाना ड्रुरी या डब्लिनच्या चित्रकर्तीने १७४०च्या सुमारास कॉजवेची दृश्यं रंगवली. प्रत्येक खांबाचे सांधे मोजून काढावेत इतकी ती काटेकोर आहेत. त्यांवरून केलेली कोरीव मुद्रणं युरोपभर गेली. बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचून तयार होतो असं अनेक विद्वान मानत होते त्या काळात फ्रान्सच्या निकोला देमारे यांनी ओव्हेर्न्य भागात असेच खांब जुन्या ज्वालामुखींपाशी पाहिले होते. कॉजवेची चित्रं पाहून त्यांनी ताडलं की हाही लाव्हाच. माझ्या मते कॉजवेचा पहिला चांगला 'फोटो' ड्रुरीबाईंचाच, कॅमेऱ्याच्या शंभर वर्षं आधीचा.

आता उजेडाकडे येऊ. कॉजवे उत्तर अक्षांश ५५ अंशांवर आहे, तोंड उत्तरेच्या समुद्राकडे. डिसेंबरात सूर्य नैऋत्येला, म्हणजे जमिनीकडे मावळतो आणि कड्यांखालचे दगड सावलीत राहतात. जूनमध्ये तो थेट वायव्येला समुद्रावर उतरतो, तेही रात्री दहाच्या पुढे. कोकणात सूर्य पाहता पाहता टुपकन बुडतो. कॉजवेवर तो इतका तिरका सरकतो की उतरण्याचा वेग निम्म्यावर येतो. शेवटचे सहा अंश उतरायला कोकणात अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो, इथे जूनमध्ये जवळजवळ तास. छायाचित्रकाराला यापेक्षा मोठी देणगी नाही.

हा आडवा उजेड खांबांची माथी चाटत जातो. काही माथे किंचित फुगीर, काही खोलगट. खोलगट माथ्यांत भरतीचं किंवा पावसाचं पाणी साचतं आणि प्रत्येकात आकाशाचा एक तुकडा उतरतो. दुपारच्या उन्हात हाच पट सपाट दिसतो. कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणावा. आकाश आणि काळा दगड यांच्या उजेडातली तफावत एका फोटोत मावत नाही. तेव्हा आकाशाचा भाग दाबणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावावा, किंवा वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन नंतर जोडावेत. पोलरायझर मी तरी काढून ठेवीन : ओल्या दगडाची जी चमक हवी, नेमकी तीच तो पुसून टाकतो. लाट मागे सरकत असताना अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर खांबांमधून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात. तीस सेकंद दिले की समुद्राचं धुकं होतं. ते सुंदर असतं, पण सगळीकडचं सारखंच.

सूर्याकडे पाठ करून कड्याकडेही बघावं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तिथे एक तांबडा पट्टा दिसतो. उद्रेक थांबलेले असताना उष्ण, दमट हवेत दगड कुजून तो झाला, कोकणातला जांभा झाला तसाच. मावळतीला हा पट्टा तापल्यासारखा लाल होतो.

जवळून टिपताना भेगांत खोचलेली नाणी नजरेला येतात. पर्यटक ती नवसासारखी ठोकून ठेवतात. ती गंजून फुगतात, दगडाच्या कडा फोडतात आणि खाली तपकिरी-हिरवे ओघळ सोडतात. १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या या जागेची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टला ती काढून घ्यावी लागत आहेत.

पाण्यालगतचे काळे खांब बुळबुळीत असतात आणि अटलांटिकची मोठी लाट सांगून येत नाही. सूर्य बुडाल्यावरही जूनमध्ये तासभर काम चालेल एवढा संधिप्रकाश टिकतो. तोवर भरती कुठे पोचेल, हे वेळापत्रकात पाहूनच तिवई मांडावी.