दगडातले पांढरे डाग

अशनी म्हटला की डोळ्यांपुढे काळाकुट्ट धोंडा येतो. माझीही तीच समजूत होती. मग अलेंदे अशनीचा करवतीनं कापलेला एक काप पाहायला मिळाला. राखी दगडात गोल दाणे आणि मधूनच वेडेवाकडे पांढरे डाग, चिक्कीत खोबऱ्याचे तुकडे दिसावेत तसे.

हा अशनी ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात कोसळला. दोन टनांहून अधिक तुकडे मिळाले. चांद्रशिला येणार म्हणून अमेरिकेतल्या प्रयोगशाळा तेव्हा सज्जच होत्या. हे घबाड पाच महिने आधी हाती लागलं.

ते डाग म्हणजे मेलिलाइट, स्पिनेल अशी कॅल्शियम-ॲल्युमिनियमची खनिजं. बालसूर्याभोवतीचा तप्त वायू निवू लागला तेव्हा सर्वांत आधी घट्ट झालेली. वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षं. इतर ताऱ्यांकडून आलेले सूक्ष्म कण सोडले, तर याहून जुनं काही आपल्या हाती नाही.

अलेंदेत हे डाग शंभरात दहा भागही नाहीत. पण त्यातल्या ॲल्युमिनियमचा मोठा वाटा त्यांच्यातच. म्हणजे तपासायला घेतलेल्या चिमटीत डाग आला की आकडे वर, नाही आला की खाली! शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. शेवटी स्मिथसोनियन संस्थेनं चार किलो अलेंदे दळून एकजीव पूड केली आणि तीच सगळ्यांना तपासायला दिली. मला हे काम मोठं वाटतं. त्याला मथळे मात्र मिळत नाहीत.

खरं कोडं पुढेच. १९७३ साली शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन यांना आणि सहकाऱ्यांना या डागांत ऑक्सिजन-१६ पृथ्वीपेक्षा चार-पाच टक्के जादा आढळला. ही कुण्या परक्या ताऱ्याची धूळ असावी, असं तेव्हा वाटलं. मग जेनेसिस यान सौरवाऱ्याचे कण घेऊन २००४ साली परतलं. हवाईछत्री उघडलीच नाही, यान युटाच्या वाळवंटात आपटलं, तबकड्यांचा चुरा झाला. तो चुरा वेचून, धुऊन तपासला. २०११ साली उत्तर आलं: सूर्याचा ऑक्सिजन बराचसा या डागांसारखाच आहे.

म्हणजे परके डाग नव्हतेच. वेगळे निघालो आपण. पृथ्वी, चंद्र, मंगळ आणि बहुतेक अशनी. हा बदल अतिनील किरणांनी घडवला, असं बरेच संशोधक मानतात. मला ते पटतं. पण वाद मिटलेला नाही.