निकेल-डायथायोलीन संयुगे

निकेल-डायथायोलीन संयुगे ही निकेलचा एक अणू आणि डायथायोलीन वर्गातील दोन लिगँड यांची जटिल संयुगे होत. प्रत्येक लिगँड दोन गंधक अणूंनी निकेलशी जोडलेला असतो. त्यामुळे चार गंधक अणू निकेलभोवती एकाच प्रतलात, चौरसाच्या कोपऱ्यांवर असावेत तसे येतात. १९६२ मध्ये श्राउझर व मायवेग यांनी निकेल सल्फाइड आणि डायफेनिल अ‍ॅसिटिलीन यांच्या अभिक्रियेतून असे एक गडद रंगाचे संयुग मिळवले.

ही संयुगे एकामागून एक दोन इलेक्ट्रॉन स्वीकारतात व परत देतात. उदासीन, एकऋण व द्विऋण अशा तिन्ही अवस्थांत रेणूची रचना फारशी बदलत नाही. मग हे इलेक्ट्रॉन जातात कोठे? शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीने प्रत्येक लिगँडवर -२ प्रभार धरला, तर उदासीन रेणूत निकेल +४ ठरतो. हिशेब चुकत नाही, पण +४ निकेल सहसा तीव्र ऑक्सिडीकारक असतो. हे संयुग मात्र हवेत टिकते. ज्यांच्यामुळे धातूचा ऑक्सिडीभवन अंक निःसंदिग्धपणे ठरत नाही, अशा लिगँडना ‘अ-निरागस’ म्हणतात. शब्द विनोदी वाटला, तरी रसायनशास्त्रात तो रुळलेला आहे.

उत्तराकडे नेले ते वर्णपटविज्ञानाने. उदासीन संयुगे निकट अवरक्त प्रकाश अतिशय तीव्रतेने शोषतात. फेनिल गट असलेल्या संयुगाचा शोषणपट्टा सुमारे ८६० नॅनोमीटरजवळ आहे. निकेलच्या डी-कक्षकांमधील संक्रमणे सामान्यतः क्षीण असतात. एवढा प्रबळ पट्टा संपूर्ण रेणूवर पसरलेल्या, मुख्यतः लिगँडच्या कक्षकांमुळेच संभवतो. लिगँडवरील गट बदलून हा पट्टा सरकवता येतो. म्हणून १०६४ नॅनोमीटरच्या निओडिमियम लेसरमध्ये स्पंद निर्माण करण्यासाठी या वर्गातील रंजके वापरली गेली.

एकऋण अवस्थेत एक इलेक्ट्रॉन अयुग्मित राहतो व ईपीआर तंत्राने त्याचा माग काढता येतो. नैसर्गिक निकेलमध्ये चुंबकीय केंद्रक असलेले निकेल-६१ जेमतेम १.१ टक्का असते. म्हणून त्या समस्थानिकाचे प्रमाण वाढवलेले नमुने अभ्यासले गेले. त्यांच्या वर्णपटांत निकेलचा वाटा स्पष्ट दिसतो, परंतु इलेक्ट्रॉन केवळ निकेलवर नसतो. गंधकाच्या क्ष-किरण शोषणानेही त्या कक्षकात गंधकाचा मोठा सहभाग दाखवला. त्यामुळे आज उदासीन रेणूचे वर्णन +२ निकेल आणि परस्परविरुद्ध परिवलनाचे दोन मूलक-लिगँड असे करणे अधिक ग्राह्य मानतात. द्विऋण अवस्थेबाबत मात्र वाद नाही: तेथे निकेल +२ व प्रत्येक लिगँड -२ आहे.