कार्यकर्त्याच्या घरची वीणा

शनिवारी अभ्यासवर्ग, रविवारी विहारात बैठक, एप्रिलमध्ये जयंतीची धावपळ. "समाजासाठी करतोय" म्हणत आपण थकवा अंगावर काढतो. इकडे घरभाडे थकते. मुलांचा अभ्यास आणि आईवडिलांचा दवाखाना एकट्या पत्नीवर पडतो. याला आपण त्याग म्हणतो, पण प्रत्यक्षात आपला भार आपण दुसऱ्याच्या खांद्यावर दिलेला असतो.

चालून चालून पाय रक्तबंबाळ झालेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचे उदाहरण दिले. तार अति ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी नाही. प्रयत्नांचेही तसेच.

पैशाबाबत सिगालोवाद सुत्त स्पष्ट आहे: कमाईचा एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी. आज पगारावर जगणाऱ्यांना हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही. पण वर्गणी देण्याआधी अडचणीचा वाटा बाजूला काढणे जमेल.

विश्रांतीही चैन नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायदादुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आला. कामगाराला मिळालेला हा हक्क आपण स्वतःला आणि घरातल्या स्त्रीला का नाकारतो?

म्हणून महिन्यातला एक रविवार घरासाठी ठेवूया. वही काढूया, खर्च मांडूया, कामे वाटून घेऊया. चळवळ दीर्घ पल्ल्याची आहे. तार तुटून चालणार नाही.