यादीत नाव नाही, म्हणजे काय?

जुन्या दिवाळी अंकांची सूची संगणकावर करताना पहिला पेच पडतो तो लेखकांच्या नावांचा. एका अंकात पंचवीस-तीस लेखक. ती नावे ठेवायची कुठे? एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीसाठ्याची जी तक्तेवजा मांडणी सुचवली, तिच्या शिस्तीप्रमाणे एका चौकटीत एकच मूल्य असावे. म्हणजे लेखकांचा तक्ता वेगळा. पण कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात जन्मलेली पोस्टग्रेस ही प्रणाली एका चौकटीत सबंध यादी, म्हणजे ‘अ‍ॅरे’, ठेवू देते. मी ती सोय घेतली. मात्र अशा यादीला प्रश्न जपून विचारावे लागतात.

‘अमुक लेखिका या यादीत आहे का?’ यासाठी ‘एनी’ हा शब्द आहे. कोणतेही एक नाव जुळले की होकार. दोन लेखक एकाच अंकात हवे असतील तर @> हे चिन्ह, दोघांपैकी कोणीही चालत असेल तर &&.

घोटाळा होतो तो नकारात. ‘ही लेखिका नसलेले अंक’ हवे म्हणून ‘एनी’ला ‘समान नाही’चे चिन्ह जोडले, तर अर्थ होतो ‘हिच्याहून वेगळे एक तरी नाव असलेले अंक’. असे तर जवळजवळ सगळेच! इथे ‘ऑल’ हवे: यादीतले प्रत्येक नाव वेगळे.

तरी एक प्रश्न उरतोच. निनावी लेखासाठी मी यादीत ‘नल’, म्हणजे अज्ञात मूल्य, नोंदवतो. तो लेख तिचाच असला तर? म्हणून ‘ऑल’च्या प्रश्नाला अशा अंकापुरते ‘हो’ही मिळत नाही आणि ‘नाही’ही, अंक उत्तरातून मुकाट गळतो. उलट @> ला नकार जोडला तर तोच अंक उत्तरात येतो, कारण हे चिन्ह ‘नल’ जुळला नाही असेच धरते.

पहिली यादी ‘ती नक्की नाही’ अशा अंकांची, दुसरी ‘तिचे नाव सापडले नाही’ अशांची. ‘त्या दशकात तिने दिवाळी अंकांत लिहिलेच नाही’ असे विधान दुसऱ्या यादीवरून करता येत नाही. ज्या काळात अनेकींना आपले नाव छापू देणे सोपे नव्हते, त्या काळाबद्दल तर मुळीच नाही. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी देतो. त्यांच्यातला फरक म्हणजे अजून शोधायचे राहिलेले अंक.