आकडा नाही म्हणून प्रथा नाही?

स्त्रियांच्या जननेंद्रियाच्या छेदनाचा विषय निघाला की 'हे आफ्रिकेतले, आपल्याकडे असले काही नसते' असे उत्तर सुशिक्षितांकडूनही हटकून मिळते आणि ते देणाऱ्याला पुराव्याची गरज कधी भासत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, वैद्यकीय कारण नसताना स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही किंवा सर्व भाग कापणे, अथवा त्याला अन्य प्रकारे इजा करणे, म्हणजे हे छेदन होय. भारतात ते प्रामुख्याने दाऊदी बोहरा समाजात आढळते आणि तेथे त्याला 'खतना' किंवा 'खफ्ज' म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांना हा व्यापारी समाज परका नाही, आणि त्याचे मोठे श्रद्धास्थान असलेला दर्गा-ए-हकीमी रावेरच्या सीमेपलीकडे बुऱ्हाणपुरातच आहे. साधारण सात वर्षांच्या मुलीला आई किंवा आजी, कोठे नेत आहोत हे न सांगता, घेऊन जाते आणि एखाद्या घरात जाणती बाई ब्लेडने, किंवा अलीकडे दवाखान्यात डॉक्टर, तिच्या शिश्निकेवरील, म्हणजे योनिमुखाच्या वरच्या बाजूस असलेल्या अत्यंत संवेदनशील अवयवावरील, त्वचेचा भाग कापून काढतात.

याचा पुरावा काल-परवाचा नाही. रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्येच 'मानुषी' नियतकालिकात बोहरा स्त्रियांशी बोलून या प्रथेवर लिहिले होते. 'सहियो' या संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या ३८५ बोहरा स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले, तर 'वी स्पीक आउट' या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्रासह पाच राज्यांतील अभ्यासात सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाल्याचे आढळले. हे नमुने स्वेच्छेने बोलणाऱ्यांचे असल्याने संपूर्ण समाजातील प्रमाण म्हणून ते वाचता येत नाहीत, हे खरे. परंतु प्रथा अस्तित्वात आहे एवढे सिद्ध करण्यास ते पुरेसे आहेत.

तरीही केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये या प्रथेविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, या प्रथेच्या अस्तित्वाला दुजोरा देणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. ती असणार कशी? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांची मोजदाद कायद्याच्या कलमांनुसार करतो आणि खतन्यासाठी स्वतंत्र कलमच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, जिच्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या तक्त्यांत रक्तक्षयापासून बालविवाहापर्यंतचे आकडे मिळतात, ती हा प्रश्न स्त्रियांना विचारतच नाही. ही पाहणी ज्या आंतरराष्ट्रीय मालिकेचा भाग आहे, त्याच मालिकेत इजिप्तमधील स्त्रियांना १९९५ मध्ये हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा कधीतरी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्के स्त्रियांचे छेदन झाल्याचे उघड झाले. पर्जन्यमापक न बसवताच पाऊस पडत नाही असे जाहीर करावे, तसा हा युक्तिवाद आहे. त्याचा परिणाम जागतिक हिशेबावरही होतो. युनिसेफने मार्च २०२४ मध्ये २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांचे छेदन झाल्याचे सांगितले आणि त्यांपैकी सुमारे ८ कोटी आशियातील असल्याचे नोंदवले. मात्र देशपातळीवरील प्रातिनिधिक आकडे असलेल्या ३१ देशांच्या यादीत भारत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात पाहता येतील.

'ही कुराणाची आज्ञा आहे.' कुराणात याचा उल्लेख नाही. बोहरा परंपरा दहाव्या शतकातील 'दआइम अल-इस्लाम' या ग्रंथाचा आधार घेते, भारतातील बहुसंख्य मुसलमान ही प्रथा पाळत नाहीत आणि इजिप्त व इथिओपियात ती ख्रिस्ती कुटुंबांतही आढळते.

'हा नुसता ओरखडा असतो.' टोचणे आणि खरवडणे हेदेखील जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चौथ्या प्रकारात मोडते, आणि ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २०१९ मध्ये बोहरा कुटुंबाशी संबंधित खटल्यातच किरकोळ इजाही गुन्हा ठरते असा निर्वाळा दिला.

'डॉक्टरने केले की धोका नाही.' ज्या कृतीचा आरोग्याला काडीचाही लाभ नाही, ती निर्जंतुक हत्याराने केल्याने उपचार ठरत नाही.

'कायदा नाही, म्हणून गुन्हा नाही.' महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी २०१८ मध्ये न्यायालयात सांगितले की, हे कृत्य दंडसंहिता आणि पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, यांखाली गुन्हाच आहे. याचिकेचे ते प्रकरण २०१९ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या व्यापक प्रश्नांसोबत मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

'हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे.' संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या ठरावासाठी आफ्रिकी देशांनीच पुढाकार घेतला, आणि भारतातील मोहीम मासूमा रानालवी यांच्यासारख्या बोहरा स्त्रियांनी उभी केली.

खतना निरुपद्रवी असून तो आपला धार्मिक हक्क आहे, अशी भूमिका मांडणारी बोहरा स्त्रियांची संघटनाही आहे, आणि तिचे म्हणणे न्यायालयापुढे आहे. मात्र २०१६ मध्ये ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील जमातींनी, म्हणजे समाजाच्या स्थानिक मंडळांनी, आपल्या सदस्यांना तेथील कायद्याचे पालन करून खतना न करण्यास लेखी कळवले, यावरून जेथे कायदा स्पष्ट असतो तेथे प्रथेला मुरड घालता येते, हे दिसते. भारतात असा स्पष्ट कायदा होण्याआधी मोजणी व्हावी लागेल, आणि हा समाज संख्येने लहान असल्याने सर्वसाधारण पाहणीत एक प्रश्न वाढवून भागणार नाही. त्यासाठी समाजातील स्त्रियांना सोबत घेऊन, नावे गुप्त ठेवून, स्वतंत्र पाहणी करावी लागेल. ती करण्याचे काम आकडेवारी नसल्याचे न्यायालयात सांगणाऱ्या मंत्रालयाचेच आहे.