केसाची साक्ष

सावंतवाडी तालुक्यांत, बांद्याजवळ, मुंबई-गोवा रस्त्यावर इन्सुली हा गांव आहे. ह्या सर्व टापूंत काजूचें पीक महत्त्वाचें. मोहोर आला कीं ढेकण्या नांवाचा कीटक त्याचा रस शोषूं लागतो, आणि त्याच्या निवारणासाठीं औषध फवारावें लागतें. झाडावर पडलेल्या त्या औषधाचा किती अंश झाडाखालीं वावरणाऱ्या माणसाच्या शरीरांत उतरतो, हें कसें कळावें?

हा प्रश्न किती गंभीर आहे तें केरळांतील कासरगोड जिल्ह्यानें दाखवून दिलें. तेथें सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर एन्डोसल्फान हें कीटकनाशक अनेक वर्षें हेलिकॉप्टरमधून फवारलें जात असे. इ. स. २००० मध्यें ती फवारणी थांबली. पुढें अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं तेथील ११७ मुलग्यांची व फवारणी नसलेल्या गांवांतील ९० मुलग्यांची तपासणी केली. फवारणीच्या गांवांतील मुलग्यांचें वयांत येणें लांबलेलें आढळलें. हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मे २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ह्या औषधावर देशभर बंदी घातली.

वयांत येण्याशीं कीटकनाशकाचा संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्या शरीरांतील कांहीं ग्रंथी अत्यल्प प्रमाणांत रस स्रवतात. त्यांस हॉर्मोन म्हणतात. वाढ, पचन, प्रजोत्पादन ह्या सर्वांस त्यांचीच आज्ञा लागते. कुलुपास त्याचीच किल्ली लागावी, तसे हे रस ठराविक पेशींना लागू पडतात. कांहीं कृत्रिम द्रव्यें मात्र बनावट किल्लीसारखीं त्या कुलुपांत शिरतात. मग अवेळीं आज्ञा सुटते, किंवा खरी आज्ञा अडून राहते. अशीं द्रव्यें केवळ शेतांतच असतात असें नाहीं. कांहीं प्लॅस्टिकांतील बिस्फेनॉल व थॅलेट, सौंदर्यप्रसाधनांतील पॅराबेन ह्यांचीहि गणना त्यांतच होते. म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरेंहि ह्यांतून सुटलेलीं नाहींत.

कासरगोडला रक्त तपासलें होतें. परंतु रक्त त्या वेळेपुरतेंच बोलतें. बिस्फेनॉलसारखें द्रव्य तर बहुतांशीं एका दिवसांत लघवीवाटें निघून जातें. केसाची गोष्ट निराळी. त्याचें मूळ त्वचेखालीं जिवंत असून रक्तावर पोसलें जातें. केस घडत असतांना रक्तांतील द्रव्याचा अंश त्यांत अडकतो, आणि केस बाहेर आला कीं तो तेथेंच राहतो. डोक्याचा केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून मुळाकडील तीन सेंटिमीटर म्हणजे गेल्या तीन महिन्यांची नोंद होय. इ. स. १९७१-७२ मध्यें इराकांत पाऱ्याचें औषध चोळलेलें बियाण्याचें धान्य लोकांनीं खाल्लें, तेव्हां स्त्रियांच्या लांब केसांचे तुकडे तपासून कोणत्या महिन्यांत किती पारा शरीरांत गेला तें शोधतां आलें.

तपासणीसाठीं डोक्याच्या मागील बाजूची लहानशी बट त्वचेलगत कापतात. ती धुऊन, वाळवून, बारीक करून विद्रावकांत ठेवतात, आणि उतरलेलीं द्रव्यें सूक्ष्म यंत्रांनीं मोजतात. येथें सुई नाहीं, वेदना नाहीं. केस कागदांत गुंडाळून दूरच्या प्रयोगशाळेकडे धाडतां येतात. खेड्यांतील लहान मुलांच्या पाहणीस ही सोय मोठीच.

तरीपण ही साक्ष पारखूनच घेतली पाहिजे. फवाऱ्याचे तुषार, धूळ, तेल, कलप हीं बाहेरूनहि केसास चिकटतात, व धुण्यानें तीं सर्वस्वीं निघतातच असें नाहीं. शिवाय, ह्यांपैकीं बहुतेक द्रव्यांबाबत केसांतील अमुक आंकड्यापर्यंत निर्धोक, अशी सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाहीं. म्हणून दोन गांवांची, किंवा फवारणीपूर्वींच्या व नंतरच्या केसांची तुलना उपयोगी पडते. एकट्या माणसाच्या अहवालावरून रोगाचें निदान करणें, किंवा कोणी त्या आधारें औषध विकूं लागल्यास तें घेणें, शहाणपणाचें नव्हे.

आणि सावधगिरी अहवालाची वाट पाहत नाहीं. फवारणी करतांना तोंड व हात झांकावे, ते कपडे निराळे धुवावे, मुलांस त्या वेळीं बागेंत जाऊं देऊं नये, कढत अन्न प्लॅस्टिकच्या भांड्यांत ओतूं नये. केस काय घडून गेलें तें सांगेल. घडूं न देणें हें आपल्याच हातीं आहे.